तिसरा रकाना

"मोळी उतरव तिच्या डोक्यावरची. काटा लाव."

सरांनी हे मला सांगितलं. मोळी माझ्या मायच्या डोक्यावर होती.

कन्नडच्या वर, घाटमाथ्यावर जंगलखात्याचं रेस्ट हाऊस आहे. त्याच्या पडवीत आम्ही जेवायला बसलो होतो. सर, दोन विद्यार्थी, वैशाली नावाची आमच्या संस्थेतली मुलगी, आणि मी. पुऱ्या होत्या, बटाट्याची भाजी होती. खालच्या पायवाटेनं बायका सरपण घेऊन चालल्या होत्या. नाकेदारानं, म्हणजे जंगलाच्या शिपायानं, त्यातली एक अडवली आणि पडवीसमोर आणून उभी केली. सरांना नमुना पाहिजे होता. एक बाई एका खेपेला किती लाकूड नेते, त्याचं वजन. संशोधनासाठी.

मी उठलो. हात खरकटा होता, पँटीला पुसला.

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग माझ्या बुटांकडं. मग बाजूच्या भिंतीकडं. आणि त्यानंतर तिथून जाईपर्यंत तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं कुठल्याही साहेबाकडं बघतात. डोळे साहेबाच्या छातीपर्यंत. वर नाही.

मी मोळी उतरवली. ताणकाट्याला अडकवली. वजन वाचलं. वैशालीनं लिहून घेतलं.

"ओटीत काय आहे तेही बघ," सर म्हणाले.

माझा हात पुढं गेला नाही. तिनंच ओटी सोडली. डिंकाचे चार खडे, भाकरीचा तुकडा, तंबाखूची चंची. नाकेदार हसला. "लई चिवट लोक हायेत, साहेब. सांगून कळत नाय." सरांनी फोटो काढला. तिला जरा डावीकडं सरकायला लावलं, ऊन तोंडावर येत होतं म्हणून.

"नाव विचार."

मी माझ्या मायला विचारलं, "नाव काय, बाई?"

तिनं सांगितलं. मी लिहिलं.

"वय?"

"त्ये तुमीच लिवा, साहेब. तुमाला म्हाईत आसंल."

सर खो खो हसले. मीही हसलो. हे लिहिताना हात अडतोय, पण हसलो. न हसता उभा राहिलो असतो तर कुणाला काहीतरी कळलं असतं.

मोळी एकट्याला डोक्यावर घेता येत नाही. दुसऱ्यानं हात लावावा लागतो. ती वाकून उभी राहिली. मी पुढं होत होतो, तेवढ्यात सर म्हणाले, "अरे, जेवण गार होतंय." मी परत येऊन बसलो. वाटेवरच्या दोघी बायका मागं फिरल्या आणि त्यांनी तिची मोळी चढवली. त्या दोघींनीही मला ओळखलं होतं. एक माझी चुलती होती.

त्या पुऱ्या मी संपवल्या.

मी भिल्ल. आमची वस्ती त्या रेस्ट हाऊसपासून पाऊण तासाच्या चालीवर होती. होती, म्हणतोय. आता तिथं कुणी राहत नाही. त्याचंच सांगायचंय. आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही अर्धंच.

मी आश्रमशाळेत शिकलो, मग शहरात हॉस्टेलवर राहून पदवी घेतली. तेव्हा शहर औरंगाबाद होतं. एका संस्थेत नोकरी लागली. संस्था रानांचा, पाण्याचा, लोकांचा अभ्यास करायची. सर तिथले मोठे. समर्थनगरात त्यांचं घर, दारात सोनचाफा. वागायला प्रेमळ माणूस. कधी अरेतुरेच्या पुढं गेला नाही, कधी शिवी दिली नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एक टिपण लिहून घ्यायला बसवलं. त्यात एक वाक्य होतं, की या डोंगरातल्या भिल्लांना उद्याची कल्पनाच नसते, ते आजचं झाड आजच तोडतात. मी ते सुंदर अक्षरात लिहिलं.

"अक्षर छान आहे रे तुझं. कुठला तू?"

"कन्नडचा, सर."

"घरी शेती?"

"हो, सर."

एवढंच झालं. एका श्वासात दोनदा खोटं. आडनावाला मी कॉलेजातच 'कर' जोडून घेतलं होतं, त्यामुळं कुणाला शंका आली नाही. पुढं दर सणाला कुणीतरी विचारायचं, यंदा कपाशी कशी आहे. मी सांगायचो, बरी आहे.

आमच्याकडं कपाशी नव्हती. दोन गाया होत्या, पाच शेळ्या होत्या आणि रान होतं.

मग आमच्या डोंगरावर अभयारण्य करायचं ठरलं. आज अभयारण्य, पुढं राष्ट्रीय उद्यान, असं सर म्हणायचे. स्थानिकांना काय वाटतं ते विचारायचं काम आमच्या संस्थेला मिळालं. घरोघरी जायचं, एक कागद भरायचा. त्यावर प्रश्नापुढं तीन रकाने. पहिला, सहमत. दुसरा, असहमत. तिसरा, सांगता येत नाही. खाली विचारणाऱ्याची सही.

रेस्ट हाऊसच्या पडवीतलं ते जेवण त्याच दिवसांतलं. पायथ्याच्या गावांतून सुरुवात केली. तिथं बागायतदार, विहिरींवर मोटारी, उसाचे फड. ते खुर्च्या टाकायचे, चहा सांगायचे आणि घडाघडा बोलायचे. "आमची जमीन जर का त्या नकाशात घेतली ना साहेब, तर आमदाराला आणून बसवीन तुमच्या दारात." दुसऱ्या रकान्यात खूण. "डुकरं येत्यात, नीलगाया येत्यात, निम्मं पीक खात्यात, आता सरकार त्यांना आजून पाळणार?" दुसऱ्या रकान्यात खूण. त्यांना एकट्यानं बोलायची सवय होती. ज्याच्या नावावर सातबारा असतो त्याला ती असते. माझं, मला, माझ्या बांधापर्यंत. आमच्या कागदावर त्यांचं बोलणं चपखल बसायचं.

मग आमची वस्ती आली. मी यादीत ती सगळ्यात शेवटी टाकली होती, आणि त्या दिवशी मुद्दाम दुसऱ्या गावाला गेलो. दोन्ही विद्यार्थी संध्याकाळी रिकाम्या हातानं परत आले.

"सर, ते बोलतच नाहीत. पाणी देतात, बसायला घोंगडी टाकतात. प्रश्न विचारला की गप्प."

सर माझ्याकडं वळले. "उद्या तू जा. तुला त्यांची भाषा कळते थोडीफार. वैशालीला घेऊन जा."

वस्तीत शिरलो तेव्हा मी मनात तयारी केली होती, की पोरं ओरडत येतील, माझं घरचं नाव घेतील, आणि वैशालीला सगळं कळेल. कसं सांगायचं तेही ठरवलं होतं. जवळजवळ बरं वाटत होतं मला. एकदा होऊन जाऊ दे.

पोरं आली. दूर उभी राहिली. एक धिटुकला पुढं झाला. माझ्या चुलतभावाचा पोरगा तो, दिवाळीला माझ्या खांद्यावर बसून फिरलेला. तो म्हणाला, "साहेब, कुनाकडं आलाव?"

मायनं आदल्या दिवशी सगळ्या वस्तीला सांगून ठेवलं होतं. त्याला वळखू नका. त्याची नोकरी जाईल.

पस्तीस घरं. म्हातारी, पोरं, गुरं राखणारे, सगळे. एकानंही चूक केली नाही.

काकांच्या घरासमोर घोंगडी टाकली. काका म्हणजे माझ्या बापाचा थोरला भाऊ. बाप लहानपणीच गेला, काकांनीच मला खांद्यावर घालून आश्रमशाळेत नेऊन सोडलं होतं. काका माझ्याशी मराठीत बोलायला लागले. घरात आम्ही मराठी बोलत नाही. मराठी नाकेदाराशी, वाण्याशी, तलाठ्याशी बोलायची. जन्मात पहिल्यांदा माझा काका माझ्याशी मराठीत बोलला.

"बसा, साहेब. पानी घ्या, बाई."

वैशालीनं कागद काढला. ती चांगली मुलगी होती, मनापासून विचारायची. "काका, इथं अभयारण्य व्हावं, असं तुम्हाला वाटतं का?"

काकांनी तंबाखू मळली. "बाई, म्या ल्हान व्हतो तवा ह्ये रान निजामाचं व्हतं. निजामाचा नाकेदार यायचा, कोंबडी न्यायचा. मंग पोलीस ॲक्शन झाली, रझाकार पळाले, सरकार आलं. सरकारचा नाकेदार यायला लागला. कोंबडी तीच."

वैशाली हसली. "पण तुम्हाला काय वाटतं?"

"माला येकट्याला इचारता का?"

"हो."

"मंग आईतवारी या. आईतवारी बैठक हाय. बैठक झाली की सांगतो. लिवून घ्या मंग काय लिवायचं ते."

इथं मला थांबून सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं यावर आहे.

आमच्यात रानाबद्दल एकट्यानं बोलत नाहीत. गवत कधी कापायचं, कुठल्या अंगाच्या धावड्यांना यंदा डिंकासाठी चिरा द्यायच्या आणि कुठले मोकळे सोडायचे, पाणी आटल्यावर गुरं कुठल्या झऱ्यावर न्यायची, हे सगळं अंजनाच्या झाडाखाली ठरायचं. प्रत्येक घरातून एक बाई, एक बाप्या. सकाळी बसले की ऊन डोक्यावर येईस्तोवर चालायचं. भांडणं व्हायची, आयाबहिणी निघायच्या. पण त्याआधी दारात, वाटेवर, पाव्हण्यासमोर कुणी तोंड उघडायचं नाही. उघडलं तर नारळाचा दंड आणि वर्षभर बैठकीत बोलायला बंदी. माझ्या बापानं एकदा पिऊन एका लाकूडवाल्याला सांगून टाकलं होतं, की वरचे साग तोडले तरी आमचं काही म्हणणं नाही. वर्षभर बाप बैठकीत खाली मान घालून बसायचा. मी त्याच्या मांडीवर असायचो.

म्हणजे मला माहीत होतं. त्या जागी ज्याला माहीत होतं असा कागदवाला मी एकटाच होतो. रविवार तीन दिवसांवर होता. तीन दिवस थांबायचं होतं, बस.

वैशालीनं मला बाजूला विचारलं, "काय करायचं? थांबू या का रविवारपर्यंत? सरांना सांगू."

थांबायचं म्हटलं तर सर विचारणार, बैठक म्हणजे काय. कशी असते. तुला कसं ठाऊक. मी ते सगळं उत्तर डोक्यात एकदा म्हणून बघितलं.

"नको," मी म्हणालो. "तिसऱ्यात खूण कर. पुढं चल."

काकांनी ऐकलं. मराठी त्यांना चांगली समजायची.

आम्ही घरोघर गेलो. सगळीकडं तेच. आईतवारी सांगू. आईतवारी या. मी सगळीकडं तिसऱ्या रकान्यात खूण केली आणि खाली सही केली. सुंदर अक्षरात.

शेवटचं घर मायचं. पडवीतली मोळीवाली बाई म्हणून वैशालीनं तिला ओळखलं. तिनं वैशालीला सीताफळं दिली, मोठी मोठी बघून. मलाही दिलं एक. मी घेतलं.

"मुलं किती, मावशी?" वैशालीनं विचारलं.

"येकच ल्योक हाय."

"कुठं असतो?"

"शहरात. साहेब हाय."

"अरे वा. येतो का तुम्हाला भेटायला?"

"येतो की," माय म्हणाली. "काम आसलं की येतो."

त्या घराच्या कागदावरही मी सही केली.

परत आल्यावर सगळे कागद मोजायचं काम आम्हा दोघांकडं आलं. आमच्या वस्तीचा गठ्ठा बघून सर म्हणाले, "हे सगळे तिसऱ्यातच? ठीक. सांगता येत नाही, म्हणजे विरोध नाही. विरोध असता तर खालच्या गावांसारखं बोलले नसते का? हे 'विरोध नाही'मध्ये धरा."

वैशाली म्हणाली, "सर, पण ते म्हणत होते, की त्यांची काहीतरी बैठक असते. त्यानंतर सांगतो म्हणाले."

सरांनी चष्मा काढला. माझ्याकडं बघितलं. "तू त्या भागातला. असं काही असतं का रे?"

टेबलाभोवती चौघंजण होते. पंखा फिरत होता. मला अजून तो पंखा आठवतो, त्याचं एक पातं जरा वाकडं होतं.

"नाही, सर," मी म्हणालो. "टाळायला सांगतात तसं."

मी आजवर कुणाचा खून केलेला नाही, चोरी केलेली नाही. आयुष्यात मी केलेलं काम विचाराल तर हे वाक्य. बाकी सगळं नोकरी.

अहवाल गेला. पुढच्या वर्षी नकाशा आला. मी तो नकाशा तासभर बघत बसलो होतो. अभयारण्याची रेघ पायथ्याशी सरळ येत होती आणि बागायतदारांच्या विहिरी आल्या की वळत होती. प्रत्येक विहिरीला, प्रत्येक फडाला वळसा. ज्यांनी दुसऱ्या रकान्यात बोट ठेवलं होतं त्यांच्या बांधाबांधानं ती रेघ अदबीनं चालली होती. आमच्या वस्तीवरून ती सरळ गेली होती.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की आम्हाला कुणी विचारायला आलंच नव्हतं. आमची गप्प राहायची रीत त्यांना हवी होती. आणि ती रीत त्यांना मी उलगडून दिली नाही, वाकवून दिली.

बैठक रविवारी झाली होती. मायनं पुढं कधीतरी सांगितलं. दिवस बुडेपर्यंत चालली. तरण्या पोरांना अभयारण्य हवं होतं. चौकीदाराची नोकरी मिळेल, बाहेरचे लाकूडवाले बंद होतील, असं त्यांचं म्हणणं. बायकांना भीती होती सरपणाची. काका म्हणाले होते, की वरचं कडेकपारीचं रान बिबट्याचं आहे, ते सोडून द्यावं, तिथं आपलं तसंही काही नाही. झऱ्याच्या खालचं गवत आणि धावडे आपल्याकडं ठेवावेत, आणि वणवा लागला तर विझवायची जबाबदारी वस्तीनं घ्यावी. शेवटी हेच ठरलं. ग्रामसेवकाकडून लिहून घेतलं, सगळ्यांनी अंगठे दिले, कागद कन्नडला गेला. तिथून चार महिन्यांनी उत्तर आलं. आपल्या वस्तीचा विरोध नसल्याचे अहवालात नमूद आहे, सबब वेगळ्या निवेदनाची आवश्यकता नाही.

इतकं शहाणपणाचं बोलणं त्या सगळ्या अहवालात कुठंही नव्हतं. ते तीन दिवस उशिरा आलं म्हणून गेलं. त्या तीन दिवसांची किल्ली माझ्या खिशात होती.

वस्ती उठली. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या खोल्या मिळाल्या, एका रांगेत. गुरं विकली, चरायला जागा नव्हती. काकांना ते स्वतः चिरा द्यायचे त्याच धावड्याचा डिंक काढताना धरलं आणि कन्नडला दोन दिवस बसवून ठेवलं. पोरं ऊसतोडीला जायला लागली. चौकीदाराची नोकरी एकालाही लागली नाही.

मी मायला शहरात आणायला गेलो. तोवर माझं लग्न झालं होतं, हर्सूलला दोन खोल्या घेतल्या होत्या. ती पत्र्याच्या सावलीत बसली होती.

"चल माझ्याकडं," मी म्हणालो.

"तुज्या शेजाऱ्यांला काय सांगशील, कोन म्हनून?"

हे ती मराठीत बोलली. ती आली नाही. तिथंच गेली. अंत्यविधीला मी ऑफिसात आजारी असल्याचं कळवून गेलो होतो.

मध्ये पुष्कळ वर्षं गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी बढत्या घेतल्या. वैशाली केव्हाच सोडून गेली. जाताना मला म्हणाली होती, "त्या वस्तीत ते सगळे तुझ्याकडं बघत होते, माझ्याकडं नाही. मला तेव्हाच वाटलं होतं." मी म्हणालो, काय वाटलं होतं. ती म्हणाली, जाऊ दे.

यंदा अभयारण्य वाढवायचं निघालंय. पत्र्याची ती रांगही आता नव्या रेघेच्या आत येते. काम पुन्हा आमच्या संस्थेकडं. या वेळी जनसुनावणीही आहे. सर निवृत्त झालेत, पण सल्लागार म्हणून येतात. शहराचं नाव बदललं, कागद जाऊन हातात टॅब आले. रकाने तीनच.

बैठकीच्या खोलीत नवी पोरं होती, एक तरुण अधिकारी होता. त्यानं विचारलं, भिल्लांच्या वस्तीतून विरोध होईल का. सर हसले. पिकलेले केस, पण हसणं तेच.

"ते बोलत नाहीत हो. मागच्या वेळी सगळे तिसऱ्यात आले होते. तिसरा म्हणजे आपलाच." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हा आहे ना. याच्याइतकं त्या लोकांना कुणी ओळखत नाही. यालाच पाठवू."

खांद्यावरचा हात जड नव्हता. म्हातारा हात. पण मला त्याच्याखाली बसवेना. मी उठून उभा राहिलो. कशासाठी उठलो ते मलाही माहीत नव्हतं.

"सर, मी भिल्ल आहे. ती माझी वस्ती."

मला वाटलं, आता काहीतरी कोसळेल. इतकी वर्षं ज्याला भ्यालो ते आता होणार.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं.

"अरे वेड्या. इतकी वर्षं बोलला नाहीस? आम्हाला अभिमानच वाटला असता तुझा."

कुणीतरी टाळी वाजवली. त्या अधिकाऱ्यानंही वाजवली.

"आणि हे तर फारच उत्तम झालं," सर त्याच्याकडं वळून म्हणाले. "आता अहवालावर याची सही म्हणजे समाजाचीच सही. कोर्टातसुद्धा कुणी बोट ठेवणार नाही."

पडवीत मायला ओटी सोडायला लावली तेव्हा मी खाली बघितलं होतं. तेव्हा मला शरम वाटली होती, पण शरम मायची वाटली होती. माझी नाही, सरांची नाही. मायची. तिच्या डिंकाची, तिच्या चंचीची. या टाळ्या ऐकताना ते मला कळलं. मी लपलो तेव्हा माझं लपणं त्यांच्या कामाचं होतं. उघडा पडलो तर उघडं पडणंही त्यांच्या कामाचं. माझी सही कुठल्याही नावानं त्यांना चालत होती. आपल्या जातीचं नाव घेतलं की माणूस सुटतो, असं मी धरून चाललो होतो. सरांना त्यानं काडीचा फरक पडला नाही.

"मी सही करणार नाही," मी म्हणालो. "मागच्या सह्या खोट्या होत्या. त्यांनी रविवारी या म्हणून सांगितलं होतं. मी मुद्दाम लिहिलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हाही खोटं बोललो. हे मी जनसुनावणीत सांगणार."

सर हळू आवाजात म्हणाले, "भावनेच्या भरात बोलू नकोस. तुझ्यावर केस होईल. पेन्शन जवळ आलीय तुझी."

"व्हय," मी म्हणालो.

त्या खोलीत मी हा शब्द कधी उच्चारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी एसटीनं कन्नड, तिथून जीपनं पत्र्याच्या रांगेपाशी उतरलो. काका आहेत अजून. डोळ्यांनी कमी दिसतं. मी सगळं सांगितलं. पडवीतलं, तिसऱ्या रकान्याचं, सरांनी विचारलं तेव्हा मी काय बोललो ते. आमच्या बोलीत सांगितलं, चुकतमाकत. बरेच शब्द गेलेत माझे. ऐकायला पाच-सहाजण जमले. कुणी शिवी दिली नाही. शिवीची मी वाट बघत होतो.

"म्हाईत हाय आमाला," काका म्हणाले. मराठीत. "तवाच ऐकलं व्हतं म्या. तिसऱ्यात खून कर म्हनालास."

"मग बोलला का नाहीत?"

"तुजी माय पाया पडली व्हती समद्यांच्या."

मी म्हणालो, जनसुनावणीत वस्तीच्या वतीनं मी बोलतो. मला कागद कळतात, कायदा कळतो, साहेबांशी कसं बोलायचं ते कळतं. या वेळी नीट बोलतो.

काकांचा नातू, तोच जो एकदा मला साहेब म्हणाला होता, आता चाळिशीला आला असेल, तो हसला. "लई झालं तुमचं आमच्या वतीनं."

"तू बैठकीतला न्हाईस," काका म्हणाले. "बाहेरच्यापाशी तोंड उघडलं त्यानं बैठकीत बोलायचं नसतं. तुज्या बापाला वरीसभर बंदी व्हती. तुजी किती, त्ये आजून ठरलं नाय. बसायचं तर बस. बोलायचं नाय."

"मग मी काय करू?"

"तुजं काय हाय त्ये तू सांग. रानाचं आमी सांगू."

रविवारी बैठक भरली तेव्हा मी मागच्या रांगेत बसलो. झाड नव्हतं, पत्र्याचीच सावली होती. बायका बोलल्या, पोरं बोलली, काका शेवटी बोलले. ठरायला वेळ लागला, आणि काय ठरलं ते मी इथं लिहिणार नाही. ते सांगायचा हक्क माझा नाही. ते सांगतील, तेव्हा ऐका.

सोमवारी सुनावणी आहे. मी माफी मागणार नाही. माफी मागितली की समोरच्यांना लगेच काहीतरी द्यावं लागतं, आणि त्यांच्याकडून मी पुष्कळ घेतलंय. मी उभा राहून माझं नाव सांगणार, 'कर' काढून. मग एकेका घराचं नाव घेणार आणि म्हणणार, या घरानं मला रविवारी ये म्हणून सांगितलं होतं, मी गेलो नाही आणि खोटं लिहिलं. पस्तीस वेळा म्हणावं लागेल. पस्तीस वेळा म्हणेन. तो अहवाल रद्द करा. केस करायची तर करा, पेन्शन थांबवायची तर थांबवा.

आणि नव्या टॅबवर त्या वस्तीच्या नावापुढं त्यांचं बोलणं ऐकल्याशिवाय कुणी तिसऱ्या रकान्याला हात लावला, तर तो हात माझ्या ओळखीचा आहे. तो मी धरणार.